दोन पात्यांचे मोकाशी

आमचे मोकाशी गाडीत बसले की पट्टा लावायच्या आधी काच खाली करतात. बाहेर अबुधाबीचा जुलै, आत मी जिवापाड जपलेला एसी. पण मोकाशींचा उजवा हात खिडकीबाहेर गेलेलाच असतो. "हे बघा, पंजा वाऱ्यासमोर उभा धरला, वारा थापड मारतो. जरासा कल दिला, वारा निसटला. खलास!"

"काच वर घ्या हो! डोक्याचं भरीत होतंय!"

"तुमचीही खाली करा. दोन पाती असली की नीट समजतं."

"मुळीच नाही करणार!"

मुसफ्फाच्या ऑफिसपर्यंत रोज हाच तमाशा. राहायला आम्ही एकाच इमारतीत, म्हणून हे भोग माझ्या वाट्याला.

आमच्या कंपनीने रुवैसच्या बाजूला चाचणीसाठी एक पवनचक्की उभी केली आहे. साऱ्या जगात तीन पाती, हिला दोनच. मोकाशींच्या मते तिसरं पातं म्हणजे लग्न लागल्यावरही घरात ठाण मांडून बसलेला मध्यस्थ. अडचण एवढीच, की उंचावर वारा जास्त, खाली कमी. त्यामुळे वरच्या पात्याला दणका बसतो आणि अख्खं यंत्र हादरतं. तिघांत तो दणका वाटला जातो, दोघांत कोण वाटून घेणार? म्हणून वर जाणारं पातं बुडाशी जरासं वळवायचं, वारा सोडून द्यायचा, खाली आलं की परत जागेवर. दर फेरीला, आणि दणका बसायच्या आत. हे वळवण्याचं काम मोकाशींकडे.

पण ऑफिसातलं ऑफिसात ठेवतील तर ते मोकाशी कसले! साहेब कडाडले की हे माझ्या कानात, "वारा वरून येतोय. भिंतीसारखे उभे राहू नका, कल द्या." पार्किंगवरून कोणी भांडायला आला तरी कल द्या. एकदा माझ्या सईने सरळ विचारलं, "अंकल, व्हाय नॉट जस्ट ॲड अ थर्ड ब्लेड?" तर आठवडाभर तिच्याशी अबोला. सात वर्षांच्या पोरीशी!

एका बाबतीत मात्र त्यांचं काही चालेना. शैलावहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, हात वर्षभरापासून थरथरतो. गोळ्या झाल्या, डॉक्टर झाले, थरथर जाईना. चारचौघांत कप हिंदकळतो म्हणून वहिनींनी लोकांत येणंच सोडलं. एके काळी आमच्यात सगळ्यांत मोठ्याने हसणारी बाई ती! माझी बायको मंजू दर रविवारी नाश्त्याला बोलवायची आणि मोकाशी एकटेच यायचे. "तिला बरं नाही," एवढंच म्हणायचे आणि जाताना पोह्यांचा डबा घेऊन जायचे. त्या दिवशी पात्यांचा विषय निघायचा नाही.

मागच्या रविवारी दार उघडलं तर दोघंही उभे!

हॉल माणसांनी भरलेला. मंजूने चहा दिला. वहिनींनी कप धरला आणि तो बशीत किणकिणायला लागला. सगळे एकदम टीव्हीकडे बघायला लागले, आणि टीव्ही तर बंद होता.

मोकाशी वहिनींना खेटून बसलेले. तोंड तीन पात्यांच्या नावाने खडे फोडत होतं, पण वहिनींनी कप उचलला तेव्हा त्यांची दोन बोटं कपाच्या बुडाशी गेली. हात उसळायच्या बेताला आला की बोटं जराशी वळायची, खाली आला की परत जागेवर. बघतसुद्धा नव्हते हो तिकडे! थरथर होती तशीच होती. चहा मात्र सांडला नाही.

"मंजू, अजून अर्धा दे गं," वहिनी म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, "आणि अहो, पुरे करा ती पाती!" आणि हसल्या, पूर्वीसारख्या मोठ्याने. मोकाशींनी वाक्य अर्धवटच सोडलं. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी गाडीत बसल्यावर त्यांनी आधी पट्टा लावला. काचेला हातच लावला नाही.

"रोज सकाळी बसतो आम्ही," मोकाशी म्हणाले. "आधी रिकामा कप, मग पाणी, मग चहा. आता तिचा हात कधी उसळणार ते मला आधी कळतं."

मी माझ्या बाजूची काच खाली केली आणि डावा हात बाहेर काढला. भट्टीसारखा वारा आत घुसला.

"यल्ला, चला मोकाशी," मी म्हटलं, "काढा तुमचाही हात. दोन पाती लागतात ना?"