अबोल्याची क्वेरी

एका कॉम्प्युटर-भाषेतली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, दुसऱ्या भाषेत करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! बारा वर्षं सरकारी ऑफिसात हेच करतोय. त्यामुळे दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या मराठी मंडळाचा ग्राफ डेटाबेस नव्या सॉफ्टवेअरवर न्यायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, "चहा संपेपर्यंत देतो!"

हा डेटाबेस म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. माणसं ठिपके, नाती रेघा. कोण कुणाची मामी, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं त्यात. बोलत नाहीत त्यांच्यामध्ये 'अबोला' नावाची रेघ. या रेघा भरायचं काम माझ्या बायकोकडे, रेवतीकडे. संक्रांतीला काला अंबला, पानिपतच्या युद्धस्मारकाला, जाताना न बोलणारे शेजारी येऊ नयेत म्हणून बसमधल्या जागा यातल्याच एका क्वेरीवरून ठरतात.

अध्यक्ष भाऊसाहेबांनी बजावलं होतं, "यंदा भांडणं झाली तर सहल कायमची बंद! पानिपत पानिपतातच होऊ द्या, बसमध्ये नको."

"बिल्कुल काळजी नको!" मी म्हटलं. घरी रेवतीला नवी क्वेरी वाचून दाखवली. हूं नाही की चूं नाही! एकही चूक काढली नाही म्हणजे काय ते समजा.

सकाळी मिनीबसवर यादी चिकटवली. सहा जोड्या. लोक बसले, बस सुटली आणि दिल्लीच्या वेशीवर, करनाल बायपासलाच स्फोट झाला.

"या माणसाशेजारी मी?" भाऊसाहेब गरजले. शेजारी नरसिंहराव! गणपतीतल्या लाउडस्पीकरवरून दोघांनी चार वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पुढे चंद्रप्रभाकाकू आणि भानुमतीकाकूंनी मधे पर्सची भिंत उभारली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "भैया, गाडी रोको!"

सेक्रेटरी कादंबरीने लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला.

"अहो काका! जुनी भाषा अबोला दिसला की ती जोडी आपोआप वगळायची. नवीत 'वगळ' असं वेगळं सांगावं लागतं. तुम्ही सांगितलंच नाहीत! तिने अबोलावाल्यांच्याच जोड्या शोधून शोधून लावल्यात!"

"सगळ्याच काही चुकल्या नाहीत!" मी उसळलो. "ही बघ ना, मी आणि रेवती. आमची जोडी करेक्ट आहे!"

सगळ्या माना आमच्या सीटकडे वळल्या. मग नरसिंहराव खुदकन हसले. भाऊसाहेबही हसले, आणि चक्क त्यांनी नरसिंहरावांपुढे तिळगुळाचा डबा धरला. सहल वाचली!

मी हळूच रेवतीकडे वळलो. "अगं, कधीपासून?"

तिने खिडकीबाहेरची नजर काढली नाही.

"चंद्रप्रभाकाकू," ती पुढच्या सीटला म्हणाली, "यांना सांगा, दिवाळीपासून."

आणि मी आपला ऑफिसभर सांगत सुटलो होतो, हल्ली आमच्या घरात काय छान शांतता असते म्हणून!