काळ्या चौकटीतला लेखक

माणसानं लेखक व्हायचं ठरवलं की त्याला भीती कशाची वाटते? टीकेची म्हणाल तर चूक. मला भीती होती ती खुर्च्यांची. रिकाम्या खुर्च्यांची.

बल्गेरियात, डॅन्यूबच्या काठी आमचं गाव. तिथं अठ्ठावीस वर्षं मी खिळे, बिजागऱ्या आणि रंगाचे डबे विकतोय. शाळा सातवीतच सुटली. तरी गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर बसून मी सँडपेपरच्या मागच्या बाजूवर लिहायचो. अशा अकरा कथा झाल्या. (पुढची बाजू कमी खरखरीत होती, असं पेनका म्हणते. पेनका म्हणजे माझी बायको.) पुस्तक छापलं, नाव ठेवलं 'निरोप न घेता'. शनिवारी पाच वाजता वाचनालयाच्या सभागृहात त्यातली पहिली कथा वाचायचं ठरलं.

त्या सभागृहात साठ खुर्च्या. मागे शहरातून एक कवी आला होता, तेव्हा समोर चौघे होते, त्यातला एक हीटर दुरुस्त करायला आलेला. मी मनाशी पक्कं केलं, आपल्या साठही भरायच्या.

आता धंदा मला एकच गोष्ट शिकवतो: गिऱ्हाईक जिथं थांबतं तिथं माल मांडावा. आणि आमच्या गावात लोक थांबून, चष्मा लावून वाचतात असं वाङ्मय एकच, मृत्यूची पत्रकं. कोणी गेलं की फोटो, नाव आणि दोन ओळी असा कागद दारांवर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर लागतो. मीही माझा कागद तिथंच लावायचा ठरवला. (हुशारी अंगात आली की माणसाला कोणी आवरू शकत नाही.)

छापखान्यातला स्पास म्हणाला, "फोटो कुठला घेऊ?"

"पासपोर्टवरचा. गंभीर आहे, लेखकासारखा."

"भोवती चौकट टाकू?"

"टाक. उघडा कागद बरा दिसत नाही."

"माझ्याकडे एकच चौकट आहे, ग्रोझदान."

"मग एक पुरे की."

वर फोटो, खाली नाव, त्याखाली ठळक अक्षरांत 'निरोप न घेता', मग वार, वेळ आणि 'सर्वांनी यावे'. 'कथावाचन' हा शब्द अगदी तळाशी, बारीक. (जागाच उरली नव्हती.) गुरुवारी पहाटे तीस कागद चिकटवले, दुकानाला कुलूप घातलं आणि घरात कोंडून घेऊन वाचनाचा सराव सुरू केला. दोनदा दाराची घंटा वाजली. मी उघडलं नाही. लेखकाला एकांत लागतो.

पेनका बहिणीकडे गेली होती. शनिवारी चार वाजता ती परतली तेव्हा मी आरशासमोर हातवारे करत होतो. ती दारातच उभी राहिली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात उंबऱ्यावर कोणीतरी ठेवलेली फुलं.

"तू कधी मेलास?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"बसथांब्यावर टांगलेला आहेस. काळ्या चौकटीत. ड्रायव्हरनं माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, माणूस चांगला होता, बिजागऱ्या तेवढ्या करकरायच्या."

"अगं, ती पुस्तकाची जाहिरात आहे."

"खाली 'निरोप न घेता' लिहिलंय. मी रस्ताभर रडत आले. म्हटलं, जातानासुद्धा याला एक फोन करायचं सुचलं नाही."

तिनं डोळे पुसले आणि फुलं माझ्या अंगावर फेकली. मी मोजली. सहा. जिवंत माणसाला आम्ही पाच देतो, सात देतो. सम आकडा फक्त मेलेल्यांचा. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"पळ आता, ते कागद फाडून ये," पेनका म्हणाली.

मी एक बूट घातला आणि थांबलो. "किती लोक येतील गं?"

"अख्खं गाव निघालंय. शेजारच्या गेना आजीनं तुझ्या नावानं घुगऱ्या शिजवल्यात."

मी दुसरा बूट घातला. "मग फाडत नाही. मी वाचणार."

"लोक मारतील तुला."

"मारू देत. कागद लागलेलेच आहेत."

साठही खुर्च्या भरल्या होत्या, वर वीसेक जण भिंतीला टेकून उभे. मी मागच्या दारानं मंचावर आलो. पोस्टमननं माझ्या स्मरणार्थ टोपी काढली होती, ती त्यानं हळूच परत डोक्यावर ठेवली.

"मंडळी," मी म्हणालो, "मी जिवंत आहे. कागदाच्या तळाशी लिहिलंय, कथावाचन."

"तळाचं कोण वाचतं?" मागून कोणीतरी म्हणालं.

"मग आम्ही निघतो," पोस्टमन म्हणाला. "दुपारची झोप मोडून आलोय, तेही फुकट."

खुर्च्या सरकू लागल्या. तो आवाज कुठल्याही लेखकाच्या कानी पडू नये. पण तेवढ्यात माझी नजर गेना आजीच्या मांडीवरच्या पातेल्याकडे गेली. गव्हाच्या घुगऱ्या, साखर आणि अक्रोड घातलेल्या. मेलेल्याच्या नावानं त्यातला घास खाल्ल्याशिवाय आमच्याकडे कोणी घरी जात नाही. मी खाली उतरलो, पातेलं उचललं आणि टेबलावर माझ्या पुस्तकामागे नेऊन ठेवलं.

"घुगऱ्या वाचनानंतर," मी म्हणालो.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पातेल्याकडे पाहिलं. आणि बसले. (अठ्ठावीस वर्षांत इतका चोख सौदा मी केला नव्हता.)

पन्नास मिनिटं वाचलं. बाराव्या पानावर कोणीतरी घोरायला लागलं, तरी एक ओळ गाळली नाही. आणि एकही खुर्ची हलली नाही. शेवटचं वाक्य संपलं. मी पातेलं नेऊन गेना आजीसमोर धरलं. पहिला मान तिचा.

तिनं चमचाभर घुगऱ्या तोंडात टाकल्या, सावकाश चावल्या, आणि त्या खाताना आम्ही जे म्हणतो तेच म्हणाली, "देव त्याला क्षमा करो."

"आजी," मी तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "मी जिवंत आहे."

"दिसतंय रे बाबा मला," आजी म्हणाली. "पण ही गोष्ट तूच लिहिलीस ना?"