मालखान्याने पुसिलेल्या सवालाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. जो अडलेले सोडवितो, आणि न सुटे तेव्हां एकवार बंद करोन पुन्हा चालू करावयाची बुद्धी देतो, त्यास साष्टांग नमन करोन लिहिणे ऐसे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, भाद्रपद मासी, एके लहान राज्यी जे वर्तमान जाहले ते ऐकिले तैसे निवेदन करितो.

राज्य म्हणावे तर दोन दालनांचे आणि एका खोलीचे. खाली दातांचा दवाखाना, वर गच्ची, मध्ये हे राज्य. धनी राजश्री उमेशपंत. व्यापाऱ्यांचा माल, बिले आणि कर यांचा मेळ संगणकावर घालणारे सॉफ्टवेअर रचावे, ते विकावे, आणि विकल्यावर ज्याचे अडले त्याचा फोन घ्यावा, हा राज्याचा उद्योग. आरंभी उमेशपंत आणि अच्युतराव पिंगळे आणि आणखी एक सोबती ऐसे तिघांनी मिळोन एक सॉफ्टवेअर सिद्ध केले, आणि त्यास मालखाना ऐसे नाव ठेविले, आणि ते गावोगाव दुकानी जाऊन बसले, आणि राज्यास बरकत आली. मग तिसरा सोबती साता समुद्रापार गेला तो तिकडचाच जाहला. उमेशपंत धनी होते, ते धनीपणात गुंतले. मग नव्या दमाचे शिलेदार भरती जाहले, ते कानांस यंत्रे लावोन बसत आणि शेजारच्याशीही बोलणे तर लिहून बोलत. त्यांणी क्लाऊडवरचा, म्हणजे मेघांवरचा, नवा मालखाना उभारिला. जमिनीवरचा जुना मालखाना तेवढा अच्युतरावांकडे राहिला, आणि अच्युतराव मागील खोलीत राहिले, जेथे भिंतीपलीकडे इन्व्हर्टराच्या बॅटऱ्या गुणगुणत असत.

अच्युतराव स्वभावे अबोल, वयाने पन्नाशी ओलांडलेले, लग्न राहून गेलेले. मालखान्याचे नखशिखान्त ज्ञान त्यांसी होते, आणि त्यांणी तो इतका पक्का बांधिला की बिघडेनासा जाहला. हीच त्यांची चूक म्हणावी. कारण बिघडले तरच मनुष्य फोन करितो. गरज सरो वैद्य मरो, हा जगाचा न्याय. आरंभी फोन दिवसभर वाजे, मग कधीमधी, आणि मग वाजेनासाच जाहला. अच्युतराव रोज वेळेवर येत, फोनाची धूळ पुसत, आणि तो चालू आहे की नाही हे पाहावयास उचलून कानास लावीत, आणि ठेवीत. दरबारी त्यांशी कोणी वैर करीत नसे. कोणी बोलतच नसे, तर वैर कोठून करावे. दिवसाचे बोलणे म्हणजे सकाळी पहारेकऱ्यास "नमस्कार" आणि सायंकाळी त्यासच "येतो". मनुष्यास यापरते वाईट काय असावे, ऐसे लिहिणारास वाटते.

ऐसे चालिले असता दिल्लीहून फर्मान निघाले की कराचे दर बदलिले, घटस्थापनेपासोन नवे दर लागू. तेव्हां उमेशपंतांनी अच्युतरावांस बोलाविले आणि मसलत केली.

उमेशपंत बोलिले, "अच्युत, बस. स्पष्टच बोलतो. जुन्या मालखान्यात हे नवे दर घालायचे शेवटचे. दसऱ्याला तो बंद करू."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे बंद. अरे, वापरतंय कोण? एक तक्रार नाही, एक फोन नाही. लोकांनी कधीच सोडला असणार. एकदा विकला तो विकला, वर्गणी आपण ठेवली नाही, मग कळणार तरी कसं?"

"वापरत असतील."

"असतील म्हणून मी एक खोली आणि एक माणूस अडकवून ठेवू? दुसऱ्या पोरांबरोबर बस म्हणालो असतो, पण तुला ते जमेल का, तूच सांग."

दसऱ्यास सोने वाटतात, अच्युतरावांस नारळ मिळणार हे उमगले. परंतु नोकरीचे दुःख धाकटे, थोरले दुःख निराळेच होते. ते ऐसे की, उमेशपंत म्हणतात ते खरे असेल तर आपण इतकी वर्षे रिकाम्या वाड्याचा पहारा केला. मालखाना कोणी उघडितच नाही, आणि आपण त्याची कड्याकुलुपे तेल घालोन सांभाळितो. हे मनात घेऊन ते मागील खोलीत परतले.

तथापि चाकरी ती चाकरी. त्यांणी नवे दर घातले, जुने काढिले, आणि दर बदलल्याची सूचना दुकानदारास पडद्यावर दिसावी म्हणोन एक चौकट रचिली. आता या धंद्यातील लोकांची चाल ऐसी की, चौकट उघडते की नाही हे पाहावयास आधी तीत काहीबाही लिहितात. कोणी "अअअ" लिहितो, कोणी "एक दोन तीन", कोणी मित्रास शिवी लिहितो. आणि बाहेर पाठविण्याआधी ते पुसोन खरा मजकूर घालितात. घटस्थापनेच्या आदले दिवशी दोन प्रहरी अच्युतरावांचे बोटांस काय सुचले कोण जाणे, त्यांणी लिहिले, "कोणी आहे का?" आणि खाली दोन बटणे ठेविली, एक "होय" आणि एक "नाही". चौकट नीट उघडली. त्यांणी स्वहस्ते "होय" दाबिले, आणि मग दर पुन्हा पडताळिले, आणि मग सर्व काम बांधोन गावोगावच्या मालखान्यांस रवाना केले, आणि खरा मजकूर घालावयाचे साफ विसरले. चतुर मनुष्य चुकतो तेव्हां ऐसाच चुकतो.

दुसरे दिवशी दुकाने उघडली, आणि मागील खोलीतला फोन वाजला. अच्युतराव दचकले. बार्शीहून हरिभाऊ नाळे, पत्र्याचे व्यापारी, बोलत होते.

"अवो, ह्ये तुमचं मशीन सकाळधरनं इचारतंय, कोनी हाय का, कोनी हाय का. आमी हाय की! हितं धा गिऱ्हाईक हुबं हाय!"

"होय दाबा, होय."

"आवो दाबलं की. पन बिल काढलं की परत इचारतंय. किती डाव सांगायचं ह्येला?"

तो फोन ठेविला नाही तो दुसरा वाजला. कोण्या गावी नोकराने प्रामाणिकपणे "नाही" दाबिले, कारण शेठ बाहेरगावी होते, आणि मालखाना आपोआप मिटला. कोणी पुसे, ही सरकारची चौकशी तर नव्हे? कोणी रागे भरे, कोणी हसे. आणि संगमनेरहून सुलभाबाई वाघचौरे, पेंडीचे दुकानी बिले करणाऱ्या, त्यांचा फोन आला, आणि त्या बोलिल्या, "तुम्ही पिंगळेच ना? आवाज ओळखला मी. मला वाटलं, तुम्ही सोडून गेलात. म्हटलं, इतकी वर्षं काही बिघडलंच नाही, विचारायचं तरी काय निमित्तानं."

"चूक झाली बाई, पुसायचं राहिलं."

"राहू द्या हो. मी होय दाबलंय."

अच्युतरावांचे डोळ्यांस पाणी आले. त्यांस समग्र चूक कळली होती, आणि ती दुरुस्त करणे अर्ध्या घटकेचे काम होते, आणि तरीही त्यांचा हात कळफलकाकडे वळेना. लबाडी म्हणा, परंतु इतके जिवंत आवाज एके दिवशी कानी पडोन वर्षे लोटली होती, ते आपल्या हाताने कोण थांबवील?

इतक्यात उमेशपंत आरडत आले. "अच्युत, हे काय मांडलंयस? पुढच्या दालनातले फोनसुद्धा वाजायला लागलेत. अब्रू घालवलीस!" आणि समोरचा फोन वाजत होता तो रागाने त्यांणीच उचलिला, आणि ऐकिला, आणि पुढचाही ऐकिला, आणि हळूहळू खुर्चीवर बसले.

"एवढी माणसं आहेत?" ऐसे बोलिले.

"आहेत."

"आणि हे सगळे आपल्यावरच दुकान चालवतात?"

"हो."

उमेशपंत धनी होते तरी मूळचे कारागीर, आपल्या हातची वीट ओळखिली. मग म्हणाले, "ठीक. मालखाना बंद नाही करायचा. तूच सांभाळ. पण हा सवाल आधी काढ." आणि गेले. मग अच्युतरावांनी सवाल काढिला, आणि दुरुस्त मालखाना रवाना केला, आणि फोन एकेक करोन कमी होत गेले, आणि दुकाने मिटावयाच्या आत खोलीत पुन्हा बॅटऱ्या तेवढ्या ऐकू येऊ लागल्या. राज्य वाचले, खोली वाचली, मनुष्य होता तेथेच राहिला.

पुढे दसरा जाहला, आणि एके दिवशी फोन वाजला. सुलभाबाई होत्या.

"बोला, काय अडचण?" अच्युतराव सवयीने बोलिले.

"अडचण नाही. सहजच केला."

अडचणीवाचून बोलावयाचा अच्युतरावांस सराव नव्हता. "दर बरोबर लागतात ना?" म्हणाले.

"लागतात."

"बिल छापून येतं?"

"येतं. बरं, कामात असाल. ठेवते." आणि फोन ठेविला.

अच्युतराव फोन हाती धरोन बसले. स्वतःचा ऐसा संताप त्यांस पूर्वी कधी आला नव्हता. हत्ती पुरा गेला आणि शेपूट अडले. चाकरीत आपण होऊन कोणास फोन लावावा ऐसा दंडक नव्हता, आणि त्यांणी कधी लाविलाही नव्हता. तो त्यांणी लाविला.

"अगंबाई, पिंगळे! काय बिघडलं?" बाईंनी पुसिले.

"काही नाही. काहीच बिघडलेलं नाही."

पलीकडे पोते तराजूवर टाकल्याचा आवाज आला, कोणी सरकी पेंडीचा भाव पुसत होता. फोन कोणीच ठेविला नाही.

मग सुलभाबाई बोलिल्या, "जेवलात का?"

सारांश, राज्य राहिले. अच्युतरावांनी काय जाब दिला तो लिहिणारास ठाऊक नाही, कारण त्यांणी उठोन दार लोटून घेतिले. बोलणे बहुत वेळ चालिले, इतके खरे. हे लिहिणे येथे पुरे जाहले.