कोंबडी क्रमांक चार

डास चावताना जात, गाव, पगार पाहत नाही. (या बाबतीत तो कोणत्याही खात्यापेक्षा पुढारलेला आहे.)

बाभुळगावची एस.टी. तांड्याच्या फाट्यावर मंगळवारी थांबते.

कोंबडी, पांढरी, नग एक. पायात पत्र्याचा बिल्ला: क्रमांक ४.

निंबाच्या ओल्या पाल्याचा धूर डोळ्यांना झोंबतो.

या गोष्टी १९६५ साली तांड्यावरच्या रुपीबाईच्या अंगणात एकत्र आल्या. नव्या तापावर लस काढायची, तर आधी तापाचा विषाणू हाती लागायला हवा. आणि माणूस तक्रार करतो, म्हणून शास्त्रानं कोंबडी निवडली. तिला डासांनी चावायचं, तापनिरीक्षक बाबारावांनी दर मंगळवारी येऊन तिचं रक्त न्यायचं. रुपीबाईनं फक्त सहकार्य करायचं: कोंबडी उघड्यावर ठेवावी, खाऊ नये, अंगणात धूर करू नये. तिनं पाला पेटवणं बंद केलं. कोंबडी सरकारी पाहुणी होती.

डासांनीही सहकार्य केलं. कोंबडीशेजारच्या बाजेवर रुपीबाईचा नवरा डोंगरसिंग झोपायचा. तिसऱ्या आठवड्यात तो तापला. सांधे असे धरले की मूठ मिटेना, आणि कापसाची वेचणी तोंडावर आलेली.

"साहेब, ह्याईले पाहा ना जरा."

"बाई, माह्याकडे कोंबड्याईचं काम आहे. माणसाचं यवतमाळले."

"तिथवर कसे नेऊ? उठता येत नाही त्याईले."

"मंग मी काय करू? बिल्ला असता त पाह्यलं असतं."

पुढच्या मंगळवारी बिल्ला डोंगरसिंगच्या मनगटावर होता.

बाबाराव नियमाचे पक्के. त्यांनी रक्त घेतलं, तक्ता भरला. वजन: अंदाजे बावन्न किलो. पिसं: गळालेली. अंडी: निरंक.

"भूक?"

"काल रसा पेले थोडा," रुपीबाई म्हणाली. "कोंबडीचा."

भूक: बरी.

महिन्यानं प्रयोगशाळेचं पत्र आलं. क्रमांक ४ मध्ये विषाणू सापडला होता. लसीच्या दृष्टीनं नमुना अमोल. औषधोपचार करू नये. आहे तसाच उघड्यावर ठेवावा.

"खुश राहा, बाई," बाबाराव म्हणाले. "तुमचा माणूस लसीच्या कामी आला."

"आन् लस त्याईच्या कामी कवा येते?"

"त्याईच्या कायले येईन? लस ज्याईले अजून ताप आला नाही त्याईच्यासाठी असते."

म्हणजे, वाचकहो, तुमच्यासाठी.

पाल्याचा धूर होत होता त्या बारा वर्षांत रुपीबाईच्या अंगणात कोणालाही ताप आला नव्हता.