गुंडोपंतांची लेबलं

एकदा मी खोकल्यावर डोक्याचं तेल प्यालो. मी वेडा नाही आणि आंधळाही नाही. फडताळात पाच बाटल्या होत्या. पाचही एकाच घाटाच्या, पाचांतही काळपट तपकिरी काहीतरी, आणि लेबल एकीलाही नाही. त्याच आठवड्यात माझ्या बायकोनं खोकल्याचं गोड औषध केसांना चोपडलं आणि दुपारभर तिच्या उशीला मुंग्या लागल्या. आमच्या गिरणीच्या चाळीत घरोघर हाच घोळ होता. तो घालणारा माणूस आमच्या भिंतीपलीकडे राहायचा. गुंडोपंत.

गुंडोपंत गिरणीत कापडाच्या गोदामावर कारकून होते. माणूस काटक, धडधाकट. त्यांना कधी शिंक आलेली मी ऐकली नाही. पण सोलापुरात त्यांच्याएवढं औषध कोणी विकत घेत नसेल! चौकात मल्लप्पांचं औषधांचं दुकान होतं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीची औषधं तिथं यायची आणि कंपनीनं एक टूम काढली होती. बाटलीवरची लेबलं सोडवून एका कार्डावर चिकटवायची. कार्ड भरलं की दुकानाच्या काचेमागे ठेवलेला मोठा बिलोरी आरसा फुकट. दसऱ्यापर्यंत मुदत.

हे वाचल्यापासून गुंडोपंतांची झोप उडाली. सकाळी भोंगा व्हायच्या आत ते पाण्याचं तपेलं घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभे. बाटली पाण्यात बुडवायची, लेबल अलगद सोडवायचं, ओलं लेबल तळहातावर घेऊन जायचं. बाटली औषधासकट आपल्याला परत! वर स्वतः घेतलेली औषधंही ते वाटून टाकायचे, कारण ती पिणार कोण?

"पंत, तुम्हाला खोकला कुठं आहे?" मी एकदा चिडून विचारलं.

"खोकल्याचा इथं काय संबंध? सदाशिवराव, हिशेब सरळ आहे. एक बाटली घेतली तर पूर्ण किंमत. दोन घेतल्या तर दुसरीवर सवलत. रिकामी परत दिली की आणखी सवलत. म्हणून मी तीन घेतल्या. किती वाचले सांगा?"

"घेतलीच नसती तर सगळे वाचले असते."

"मग सवलत कशावर मिळाली असती?"

मी घरी येऊन पाटीवर मांडून बघितलं. पहिल्यांदा त्यांचा फायदा निघाला, दुसऱ्यांदा तोटा, आणि तिसऱ्यांदा मल्लप्पांनीच त्यांना पैसे द्यायला हवेत असं निघालं. मी पाटी पुसून टाकली. अजूनही तो हिशेब आठवला की माझं डोकं भणभणतं.

आता हा आरसा कशासाठी, ते अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. गुंडोपंतांच्या घरात आरसा नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण "स्वस्तात मिळाला की घेऊ" म्हणता म्हणता राहून गेला. राधाकाकू कुंकू लावायला रोज आमच्याकडे यायच्या. त्या चैत्रात आमच्याकडे पाहुण्यांची गर्दी होती. काकूंना संकोच वाटला. त्यांनी पाण्याच्या घंगाळात बघून कुंकू लावलं आणि तशाच चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेल्या. कुंकू भुवईवर गेलं होतं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकू तिथून घरी आल्या, ट्रंक भरली आणि कुर्डुवाडीला भावाकडे निघाल्या. भाऊ रेल्वेत होता, त्यामुळे चाळीतली बातमी तिकडे लगोलग पोचायची.

"घरात आरसा लागला की न्यायला या," एवढंच त्या पंतांना दारात बोलल्या.

"अहो, बाजारात आरसे मिळतात. घेऊन टाका एक, आणि आणा काकूंना!" मी किती वेळा सांगितलं. तर हा गृहस्थ माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. "फुकट मिळणारी वस्तू विकत घ्यायची? अन् दसरा काय लांब आहे?" इकडे दोन वेळचा भात स्वतः करपवून खायचा, तिकडे बायको भावाच्या दारी, आणि हा लेबलं भिजवतोय! असा राग यायचा मला.

बाटल्यांच्या घोळावरही त्यांच्याकडे इलाज होता. "मला बोलवा, मी वास घेऊन सांगतो." आणि सांगायचेही. बूच काढायचं, डोळे मिटायचे, "पोटाचं" म्हणून निकाल द्यायचा. आमची चाळ भोळी. सगळ्यांचा विश्वास बसला.

माझी आई वेळापूरकडची. तिला अक्षर येत नव्हतं. पण त्या कंपनीच्या लेबलांवर चित्रं असायची आणि ती तिला पक्की पाठ होती. मोराचं औषध खोकल्याचं, घोड्याचं सांध्यांना चोळायचं, हत्तीचं पोटाचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिला ढास लागली. मी कामावर, बायको नळावर. बाटल्यांवर ना मोर ना घोडा. तिनं हाताला येईल ती उचलली आणि मोठा घोट घेतला.

गिरणीत निरोप आला तसे मी आणि गुंडोपंत दोघंही धावत सुटलो. आई जमिनीवर बसून घसा धरून ओरडत होती, "आता गं बया! आत इस्तू पडलाय की रं माज्या!"

डॉक्टर आले. त्यांनी बाटली उचलली आणि विचारलं, "काय प्यायल्या ह्या?"

सगळ्यांनी पंतांकडे बघितलं. त्यांनी बाटली नाकाला लावली. पुन्हा लावली. "हे... कापूर आहे... नाही, सुंठ असेल..." आणि एकदम खाली बसले. "मला नाही कळत हो. मला काहीच कळत नाही."

डॉक्टरांनी त्यांना बाजूला सारलं आणि आपले उपाय सुरू केले. दिवेलागणीपर्यंत आईला उतार पडला. तिचं पहिलं वाक्य असं, "त्या गुंडोपंताला म्हनावं, तुजी लेबलं तूच उकळून पी!" मला हायसं वाटलं. आई शिव्या देतेय म्हणजे जगणार. गुंडोपंत मात्र दारातच उभे होते, आत आले नाहीत.

दसऱ्याला सकाळी बघतो तर त्यांच्या खोलीत भरलेलं कार्ड तपेल्यात भिजत घातलेलं. अहो, भरलेलं! पाठीमागे खळीचं वाडगं. चाळीतल्या सगळ्या बाटल्या टोपलीत घालून ते मल्लप्पांच्या कंपाउंडरकडून एकेक ओळखून घेऊन आले होते आणि आता बाटलीवर लेबल चिकटवत बसले होते.

"पंत, आज शेवटचा दिवस आहे! कार्ड देऊन आरसा आणा. बाटल्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या लावू, नावं मी लिहून देतो."

"तुमच्या आईला वाचता येतात चिठ्ठ्या?"

"मग मल्लप्पांकडं नवी लेबलं मागा."

"मागितली. ती बाटलीला चिकटूनच येतात, सुटी नसतात." त्यांनी घोडा नीट सरळ लावला आणि अंगठ्यानं दाबला. पुढची बाटली घेतली. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी आम्ही सोनं द्यायला निघालो तेव्हा ते मला घेऊन मल्लप्पांच्या दुकानी गेले. काचेमागचा तो आरसा दाखवून म्हणाले, "विकत किती?"

मल्लप्पांनी किंमत सांगितली, आणि पंत जुनं गिऱ्हाईक म्हणून आपणहून म्हणाले, "तुमाला कमी करतो की पंत. नेहमीचं माणूस तुमी."

"नको. पूर्ण घ्या."

मल्लप्पा माझ्याकडे बघायला लागले. पंतांना बरं नाही असंच त्यांना वाटलं असणार. "दोन आणे तरी सोडतो की!"

"एक पैसा सोडू नका. आमच्या हिला कळतं."

दुसऱ्या दिवशी कुर्डुवाडीला मलाही ओढून नेलं. "मी एकटा गेलो तर दार लावून घेईल," म्हणाले. गाडीत त्यांनी तो आरसा धोतरात गुंडाळून मांडीवर धरला होता आणि कोणाला शेजारी टेकू दिलं नाही.

काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आरसा बघितला, नवऱ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून मला विचारलं, "लेबलांवर मिळाला ना?"

"नाही काकू. विकत घेतला."

"सवलत किती?"

"काही नाही. मल्लप्पा देत होते, ह्यांनी घेतली नाही."

काकूंचं सूप हातात तसंच राहिलं. मग त्या ताडकन उठल्या. "देत होते अन् घेतली नाही? वेड लागलंय का तुम्हाला? आपणहून सोडत होता ना तो? चांगले दोन आणे घालवून बसलात!" बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. त्यांनी पदरानं डोळे पुसले, पुन्हा पुसले. गुंडोपंत आरसा धरून तसेच उभे. त्यांना काही समजेना, आणि खरं सांगतो, मलाही समजेना.

"एकटं सोडायची सोयच नाही ह्या माणसाला," काकू आत जाता जाता म्हणाल्या. मग आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ प्रश्न, "सदाशिवराव, परतीची गाडी कितीला आहे हो?"