आमच्या गल्लीचे तातडीराव

शेवटच्या संध्याकाळी मनोहरराव आणि मी त्यांच्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. थंडीचे दिवस, सोल्यांचा, म्हणजे ओल्या दाण्यांचा हंगाम. मी दोन दाणे टोपलीत टाकायचो आणि एक तोंडात. थोडा वेळ त्यांनी पाहिलं. मग चष्मा कपाळावर चढवला.

"सदूभाऊ, तातडीचा हुकूम. सोलताना खाणे बंद. कारण, भाजीपुरते दाणे उरणार नाहीत असं दिसतं. मुदत, शेंगा संपेपर्यंत. हरकत असल्यास जेवण झाल्यावर ऐकून घेतली जाईल."

"आन सही?" मी म्हणालो.

त्यांनी बोटानं हवेत सही केली. खाली दोन रेघाही मारल्या, कचेरीत मारत तशा. मी खातच राहिलो. तेही खाऊन राहिले होते, पण लपून.

त्याच रात्री ते झोपेतच वारले.

मी हे लिहायला बसलो ते रडण्यासाठी नाही. रडणं माझं मी करतो, त्याला कागद लागत नाही. पण माणूस नमुना होता आणि त्याचे माझ्यावर उपकार आहेत. ते कोणीतरी सांगायला पाहिजेत. माझं शिक्षण चौथीपर्यंत. सगळी उमर इतवारीच्या बाजारात धान्याची पोती वाहण्यात गेली. तेव्हा लिहिण्यात वाकडंतिकडं झालं तर वाचणाऱ्यानं सरळ करून घ्यावं.

मनोहरराव पुरवठा कचेरीत कारकून होते आणि महाल भागातल्या आमच्या गल्लीत अगदी माझ्या समोर राहत. टंचाई आली, साथ आली, काही अडलं की सरकार जे तातडीचे हुकूम काढतं, त्यांचा पहिला मसुदा त्यांच्या टेबलावर व्हायचा. सही साहेबाची, मजकूर ह्यांचा. त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. नेहमीचा नियम करायचा तर आधी जाहीर करा, लोकांच्या हरकती मागवा, त्या ऐका, मग नियम करा. त्यात वर्ष निघून जातं. तोवर माणूस उपाशी मरेल. म्हणून तातडीचा हुकूम आधी लागू होतो आणि हरकती मागून येतात.

"ही उलटी चाल आहे, सदूभाऊ," ते म्हणत. "म्हणून ती जपून चालावी लागते. कारण नसलं तर तो जुलूम. मुदत नसली तर ती खोड. आणि सही नसली तर ती अफवा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की पोतं उचलतानाही तेच तोंडात यायचं.

कचेरीत हे ठीक होतं. पण हा माणूस घरी येताना कचेरी सोबत आणायचा. गल्ली त्यांना मागून तातडीराव म्हणे. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

एका उन्हाळ्यात गल्लीच्या नळाला पाणी कमी येऊ लागलं. रोज बायांची भांडणं. मनोहररावांनी नळाच्या भिंतीवर हुकूम चिकटवला. घरटी दोन बादल्या, कारण अमुक, मुदत पंधरा दिवस. त्यांना हे करायला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांना तसा काही अधिकारही नव्हता. पण कागद इतका रुबाबदार की कोणी विचारलं नाही. रविवारी ते ओट्यावर टेबल मांडून हरकती ऐकायला बसले. पहिली हरकत माझ्या बायकोची, कौसल्येची.

"माह्या घरी म्हैस हाये जी. तिले हुकूम वाचता येत नाही."

ते गंभीरपणे म्हणाले, "म्हैस वगळण्यात येत आहे."

लगेच मागून शेजारची गंगूबाई पुढे सरकली. "मंग माही सासू बी वगळा. ते म्हशीहून जास्त पेते."

सासू तिथंच बसली होती. पुढचा तास हुकूम राहिला बाजूला, त्या दोघींचंच ऐकावं लागलं.

मुदत संपली की ते स्वतः येऊन कागद खरडून काढत. टंचाई तशीच असली तरी काढत. मग घरी जाऊन नवा लिहीत, खळ शिजवत आणि येऊन चिकटवत. जुना निघाला आणि नवा लागला नाही, एवढ्या वेळात गल्लीतल्या सगळ्या बाया घागरी, बादल्या, पातेली घेऊन नळावर तुटून पडत. मी त्यांना म्हणालो, "मनोहरराव, तिकडे लूट चालली हाये न!"

"आत्ता हुकूम अमलात नाही," ते खळ ढवळत म्हणाले. "मी काय करणार?"

त्यांची खळ शिजायला फार वेळ लागायचा. एवढुशा कागदाला एवढी खळ काहून लागते, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. कौसल्येनं एकदा तोंडावर विचारलं, "काहून जी, बायको नाही केली?"

"मुदत नसलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही, वहिनी."

ती हसली नाही. मला घरी येऊन म्हणाली, "हे बोलनं पाठ केलेलं हाये."

माझ्या सुमनचं लग्न ठरलं त्या वर्षी धान्याची मोठी ओढ होती. मी दिवसभर दुसऱ्यांचा गहू पाठीवर वाहायचो आणि माझ्या घरी पीठ मोजून मोजून पुरवावं लागे. तरी कौसल्येनं महिन्या-महिन्याला थोडं मागं टाकून पंगतीपुरतं जमवलं होतं. लग्न आठ दिवसांवर आलं आणि मनोहरराव ओट्याशी येऊन उभे राहिले. वर येईनात.

"सदूभाऊ, उद्या हुकूम निघतोय. कोणत्याही कार्याला एका घरी पंचवीसच्या वर पान मांडायचं नाही. मसुदा माझाच आहे."

वरातीचीच माणसं शंभराच्या आसपास होती. व्याही काटोलकडचे, मानपानाला कडक. जेवू घातलं नाही तर नवरदेव घेऊन परत जाणारी माणसं. कौसल्या हातातला झारा घेऊनच बाहेर आली.

"माह्या पोरीच्या लग्नातच टंचाई सुचली काय जी तुमाले? तुमीच लिवलं न, मंग तुमीच खोडा!"

"वहिनी, कारण खरं आहे. मी गोदामं पाहून आलोय. कारण खोटं असतं तर पहिली हरकत माझी असती."

"तुमच्या कारनानं माही पोर माघारी येईन!"

ते तसेच मागं फिरले. चहा ठेवला होता, तोही न घेता गेले. त्या दिवशी मी त्यांना मनातून इतक्या शिव्या दिल्या की इथं लिहिता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कचेरीला जाण्याआधी ते आले. दाढी केली नव्हती, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"हुकूम एका घराला आहे, वहिनी. गल्लीला नाही. पाहुणे घरोघर वाटले तर कोणत्याच घरी पंचवीसच्या वर जात नाहीत. पण खोटं चालणार नाही. तुमचं अन्न दुसऱ्याच्या घरी नेऊन वाढलं तर ती पळवाट झाली, आणि पळवाटेचा मसुदा मी करत नाही. ज्याचं घर, त्याचं धान्य, त्याची चूल आणि त्याचं आमंत्रण. पाहुणा जिथं बसेल तिथला."

म्हणजे टंचाईच्या दिवसांत गल्लीपुढे पदर पसरायचा. कौसल्या आणि मी दारोदार गेलो. गंगूबाईच्या दारी कौसल्या नुसती उभी राहिली. गंगूबाई म्हणाली, "घेतो न आमी. पन मले खानारे पाहुने दे वं. ताटात बोट फिरवून उठनारे नको."

एकाही घरानं नाही म्हटलं नाही. लग्नाच्या सकाळी प्रत्येक घरचा माणूस वरातीच्या जानवशावर जाऊन आपापलं आमंत्रण देऊन आला. चौथा माणूस आला तेव्हा व्याही घाबरले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सदाशिवराव, लग्न किती घरी लावून राहिले गा?"

"लग्न एका घरी हाये. पोर सगळ्यायची हाये," मी म्हणालो. असं काही बोलेन, हे मलाही माहीत नव्हतं.

व्याही आणि त्यांच्याकडचे मानाचे म्हातारे राहिले. त्यांना कुठं बसवायचं? मनोहरराव म्हणाले, "माझ्याकडे."

कौसल्या त्यांच्या घरात रांधायला गेली आणि थोड्या वेळानं आमच्याकडची भांडी न्यायला आली. चेहरा उतरलेला. मी विचारलं, काय झालं?

"अवो, त्यायच्या घरी एकच ताट हाये. एकच वाटी, एकच पेला. पाट बी एकच."

इतकी वर्षं समोर राहून मी त्यांच्या घरात जेवायला म्हणून कधी गेलो नव्हतो. कोणीच गेलं नव्हतं. सगळ्या जिल्ह्याला पंचवीस पानांची हद्द घालणाऱ्या माणसाच्या घरी आजवर दुसरं पान पडलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी धोतर खोचून स्वतः वाढलं. व्याही नको नको म्हणत होते आणि हे पोळीवर पोळी टाकत होते. "घ्या. हुकूम पानांवर आहे, आग्रहावर नाही." व्याह्यांना उठताना दोघांनी हात द्यावा लागला. पंगत उठल्यावर कौसल्या पत्रावळी उचलायला गेली, तर मनोहरराव त्या उष्ट्या पत्रावळींसमोर एकटेच बसलेले. म्हणाले, "राहू द्या वहिनी थोडा वेळ."

सुमन सुखात सासरी गेली. काही दिवसांनी मनोहरराव माझ्यासोबत इतवारीत आले आणि भांडेबाजारात हिंडून एक पितळी ताट घेऊन गेले. मी समजलो, आता पाहुणे बोलावतील. कोणाला बोलावलं नाही. ते ताट फळीवर उभं करून ठेवलेलं मी खिडकीतून पाहायचो.

मग पुष्कळ वर्षांनी कौसल्या गेली. तिच्याबद्दल मला लिहिता येत नाही. तेरवी झाली, सुमनला तिच्या घरी जावं लागलं आणि मी त्या खोलीत एकटा. भूक लागली की मुरमुरे, नाहीतर चहा. चुलीकडे पाहवत नव्हतं. असे काही दिवस गेले असतील. एका संध्याकाळी मनोहरराव दारात.

"तातडीचा हुकूम. रात्रीचं जेवण माझ्याकडे. मुदत तीन महिने."

"कारन?"

"कारण मागाहून कळवण्यात येईल."

"मंग हा जुलूम हाये."

"हरकत नोंदवून घेतली. चला, वरण निवतंय."

ते पितळी ताट माझ्यासमोर आलं. वरणाचं काय सांगू! धान्याची ओढ होती तेव्हाही इतकं पातळ वरण आमच्या गल्लीत कोणी केलं नसेल. मी तसं तोंडावर सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, पहिल्यांदाच कोणी नाव ठेवलं.

तीन महिने झाले, त्यांनी मुदत वाढवली. पुन्हा झाले, पुन्हा वाढवली. ते पेन्शनीत निघाले, माझं पोती वाहणं सुटलं, हुकूम चालूच. मी शेंगा, भाजी, लाकूडफाटा आणायचो, ते बिघडवायचे, दोघं खायचो. त्या जेवणानं मी जगलो. हे खरं आहे आणि हेच सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप.

एकदा मात्र मी अडून बसलो. ताटाला हात लावला नाही. "आज कारन सांगा. नाही तर उठतो."

ते वरण ढवळत राहिले. पाठ माझ्याकडे.

"टंचाई."

"काहाची? आता तर सगळं भेटते बजारात."

"माणसांची," ते म्हणाले. "तुमच्याकडे नाही, सदूभाऊ. माझ्याकडे."

मग त्यांनी वाढलं. मी त्या दिवशी वरणाला नाव ठेवलं नाही, तर म्हणाले, "बरं नाही का वाटत?"

तर असे ते गेले. सकाळी मी चहा घेऊन हाक मारायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं, दोन हाका मारूनही ओ आली नाही, आणि मला बाहेरूनच समजलं. नात्याचं म्हणावं असं त्यांचं कोणी उरलं नव्हतं. ऊन चढण्याआधी गल्लीनं त्यांना घाटावर नेलं. अग्नी मी दिला. भटजींनी विचारलं, "आपण मयताचे कोण?"

"समोरचा," मी म्हणालो.

"मग तुम्हाला सुतक नाही."

मी घाट उतरलो. अंघोळ केली, परत आलो.

ज्या घरचं माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेऊन देतात. गंगूबाईची सून शारदा पिठलं-भाकरीचं टोपलं घेऊन निघाली आणि गल्लीच्या मधोमध उभी राहिली. एकीकडे मनोहररावांच्या दाराला कडी, एकीकडे मी.

"उभी काहून राहिली वं?" गंगूबाई ओट्यावरून ओरडली. "सुतकाच्या घरी ने न!"

"पन कोनत्या घरी नेऊ आत्याबाई? तिथं तर कोनीच नाही."

मी आत गेलो. सकाळी चहासाठी पेटवलेली माझी चूल अजून धुमसत होती. तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मग दोन्ही कवाडं उघडून बाहेर आलो आणि म्हणालो, "शारदा, इकडे आन वं पोरी. घर हे हाये."