मेश्रामभाऊंची दुरुस्ती

आमच्या संग्रहालयात पेपर आला की आधी मेश्रामभाऊंच्या हातात जातो आणि लाल पेनाच्या दुरुस्त्यांनी माखूनच माझ्या टेबलावर येतो.

चंद्रपुरातल्या या लहानशा संग्रहालयात मी कारकून आणि भाऊ दालनाचे राखणदार. काचा पुसायच्या, पोरांना वस्तूंना हात लावू द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. पण वार्ताहर दिसला की भाऊ त्याच्या मागेमागे. "लिहा भाऊ, पण पाहून लिहा." एकानं दगड झालेल्या प्राचीन झाडाला 'कोळशाचं खोड' लिहिलं. भाऊंनी त्याला परत बोलावलं आणि भर उन्हाळ्यात त्या खोडावर हात ठेवायला लावला. "थंडं लागते ना? गोटा हाये हा." तेव्हापासून वार्ताहर मला फोन करून भाऊंची सुट्टी कधी ते विचारू लागले.

अशाच एका सुट्टीत घोटाळा झाला. एटापल्लीकडच्या चैतीबाईंनी मोहफुलं वेचायची आपल्या आईची टोपली आम्हाला दिली होती. एका पेपरानं तिचा फोटो छापला आणि खाली लिहिलं, 'जादूटोण्याची टोपली'. दोन दिवसांत बाईंच्या भाच्याचा फोन आला. गावातले लोक आत्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहून राह्यले, टोपली परत द्या, म्हणाला.

भाऊंनी या वेळी लाल पेन उचललंच नाही. डबा घेऊन त्या पेपरच्या कचेरीत जाऊन बसले. संपादक म्हणाले, एका शब्दाचं काय एवढं? भाऊ म्हणाले, "एकच हाये, तर एकच बदलवा." दुसऱ्या दिवशीही ते डबा घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या फोटोखाली 'मोहफुलांची टोपली' छापून आलं आणि सोबत दिलगिरीही.

तो पेपर घेऊन आम्ही दोघांनी एटापल्लीची बस धरली. तिथून जीपनं गाव. चैतीबाईंच्या अंगणात शेजारीपाजारी जमले. भाऊ मोठ्यानं वाचत होते आणि भाचा गोंडीत सांगत होता. संपल्यावर बाईंनी पुन्हा वाचायला सांगितलं, आणि या वेळी शेजाऱ्यांकडे तोंड करून. भाऊंनी तसंच वाचलं. एक म्हातारा हसून काहीतरी बोलला, मग सगळेच हसले. टोपली संग्रहालयातच राहू द्या, असं बाईंनी भाच्याकरवी सांगितलं. मग भाऊंकडे बघत मोडक्या मराठीत म्हणाल्या, "जेवून जा."

एरवी भाऊ उभ्या उभ्या डबा संपवतात. त्या दिवशी मांडी घालून बसले, भात दोनदा मागून घेतला.

परतीच्या बसमध्ये भाऊंनी डोकं खिडकीला टेकवलं. मला वाटलं, थकले असतील.

"ब्रह्मपुरीले घर हाये माझं," ते म्हणाले. "पण माय गेल्यापासून मले कोणी जेवून जा म्हणलं नव्हतं."